अन्नाशी आणि अंगाशी वैर



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावणे धाडले, तेव्हा मी कामगार कायद्यांवर बोलावे अशी त्यांची इच्छा होती. मी विषय बदलून मागितला आणि त्यांनी तो दिला, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो. मी डॉक्टर नाही. शाळा नववीत सुटली. त्यानंतरचे शिक्षण जिनिंगच्या आवारात, गेटसभांत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा आज जे सांगणार आहे ते जाणत्यांना विचारून, वाचून आणि थोडेसे डोळ्यांनी पाहून सांगणार आहे, एवढे आधीच कबूल करतो.

हा विषय मला संघटनेच्या कचेरीने दिला. कामगार येतो तो फंडाचे, बोनसचे किंवा बडतर्फीचे गाऱ्हाणे घेऊन. ते बोलून झाले की उठतो, चप्पल पायात सरकवतो आणि दाराशी घुटमळतो. मग हळूच म्हणतो, "भाऊ, आखो एक गोट शे." ती आणखी एक गोष्ट बहुधा पोराची किंवा पोरीची असते. पोरगी जेवत नाही. पोरगा एका दमात चार माणसांचे खातो आणि मग दिवसभर तोंड दाखवीत नाही. मुलीच्या हातावर खुणा दिसल्या, विचारले तर म्हणते मांजराने ओरबाडले; घरात तर मांजर नाही. गेल्या काही वर्षांत ही दाराशी सांगितलेली गाऱ्हाणी इतकी वाढली, की खुर्चीत बसून सांगितलेल्या गाऱ्हाण्यांइतकेच त्यांनाही ऐकले पाहिजे असे मला वाटू लागले.

विषय थोडक्यात असा. काही मुलेमुली, साधारण बारा ते वीस-बावीस वर्षांची, अन्नाशी वैर धरतात. काही स्वतःच्या अंगाशी वैर धरतात, म्हणजे मरण्याचा हेतू नसताना स्वतःला इजा करून घेतात. आणि पुष्कळदा ही दोन्ही वैरे एकाच मुलात राहतात. घरच्यांना त्यांतले एक दिसते. दुसरे दिसत नाही. त्या दोघांचे नाते काय, आणि ते कळल्यावर आपण काय करावयाचे, एवढेच मला मांडावयाचे आहे.

येथे वडीलधारी मंडळी बसली आहेत. त्यांच्या मनात काय आले असेल ते मी ओळखतो. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांनी खडी फोडली आहे आणि सुकडीसाठी रांगेत उभे राहिले आहेत. माझी आई त्यांतलीच. त्या पिढीला भरल्या ताटावरून उठणारे पोर म्हणजे लाडाने बिघडलेले पोर वाटले, तर त्यात नवल नाही. शिवाय येथून उत्तरेला काही कोसांवर सातपुड्याच्या पाड्यांत आजही मुलांचे कुपोषण आहे. तेथे अन्न पुरत नाही आणि येथे अन्न नको म्हणतात, याचे दुःख कोणालाही व्हावे. परंतु एका भुकेने दुसरी भूक खोटी ठरत नाही. दारिद्र्याच्या भुकेपुढे भाकरी ठेवली की हात पुढे होतो. या दुसऱ्या भुकेपुढे भाकरी ठेवली तर हात मागे जातो, डोळ्यांत भय उभे राहते. भाकरीचे भय वाटणे हा चोचला नव्हे. हा आजार आहे.

आणि तो आजचा नाही. मोबाईल आला आणि हे सुरू झाले, असे म्हणणाऱ्यांसाठी सांगतो. लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी १८७३ साली अशा तरुण मुलींच्या आजाराचे वर्णन करून त्याला ॲनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव दिले. त्याच वर्षी पॅरिसच्या डॉक्टर लासेग यांनीही जवळजवळ तेच लिहिले. अधाशासारखे खाणे आणि मग धास्तीने ते अंगाबाहेर टाकण्याची धडपड करणे, या आजाराला जेराल्ड रसेल या डॉक्टरांनी १९७९ साली बुलिमिया नर्व्होसा असे नाव देऊन तो वेगळा काढला. नुसतेच आवरेनासे खाण्याचा जो तिसरा प्रकार, त्याला अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली स्वतंत्र आजार म्हणून मान्यता दिली. म्हणजे पहिल्या प्रकाराला नाव मिळून दीडशे वर्षे उलटली.

आता नात्याचा आकडा ऐका. २०१६ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात निरनिराळ्या देशांतील एकोणतीस पाहण्या एकत्र करून, खाण्याच्या आजाराच्या साडेसहा हजारांवर रुग्णांचा हिशेब मांडला होता. शंभरातल्या सुमारे सत्तावीस जणांनी आयुष्यात केव्हा ना केव्हा स्वतःला इजा करून घेतली होती. बुलिमियाच्या रुग्णांत हे प्रमाण शंभरात तेहतिसाच्या घरात होते. २०१४ सालच्या दुसऱ्या एका मोठ्या हिशेबात असे आढळले, की दवाखान्यात न गेलेल्या, तुमच्या-आमच्या घरांतल्यासारख्या चारचौघांसारख्या किशोरवयीन मुलांतही शंभरात सतरा जणांनी असे एकदा तरी केले होते. हे आकडे मुख्यतः परदेशचे आहेत, हे मी लपवीत नाही. पण माणसाचे मन सातपुड्याच्या अलीकडे एका जातीचे आणि समुद्रापलीकडे दुसऱ्या जातीचे असे नसते.

आकडे बाजूला ठेवून एक घर सांगतो. गाव सांगत नाही, नाव तर नाहीच. आमच्या ओळखीच्या एक अंगणवाडी सेविका. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभर सेविकांचा संप सुरू झाला, त्या दिवसांतली गोष्ट. जळगावच्या मोर्चाहून एसटीने परतताना ताई म्हणाल्या, "भाऊ, मी दर महिन्याला गावातल्या पोरांची वजने घेते. दंडाला पट्टी लावून कोण वाळले ते सांगते. आणि माझ्याच घरात अकरावीची पोर वाळत चालली, ते मला वेळेवर दिसले नाही." मुलगी वर्गात पहिल्या पाचांत. आधी गोड सोडले, मग भात, मग रात्रीचे जेवण. आठवड्यात उपवास वाढले, तेव्हा आजीला कौतुक वाटले. मे महिन्यात, आपल्या चोपड्याचे ऊन काय असते ते सांगायला नको, अशा उन्हात पोर लांब बाह्यांचा कुडता अंगातून काढीना. शेवटी नळाच्या पाण्याखाली भांडी घासताना बाही वर गेली आणि आईला सारे दिसले.

मग घराने जे केले ते आपल्यापैकी बहुतेक घरे करतील तेच. बापाने थोबाडीत मारली. मामाने समजावले. भगताकडे नेले, त्याने धागा बांधला. खोलीची कडी काढून टाकली. ताटावर पहारा बसला. पहाऱ्याने दोन घास जास्त गेले, पण अंगावरच्या खुणा वाढल्या. खुणांवर पहारा बसविला, तर अन्न पुन्हा सुटले. ताई मला विचारीत होत्या, "एक दाबले की दुसरे वर येते. असे का होते, भाऊ?"

या प्रश्नातच आजचा सारा विषय आहे.

शेजारीपाजारी म्हणत होते, पोरीने घरात उपोषण मांडले आहे. आता उपोषण हा माझा प्रांत. मी स्वतः उपोषणाला बसलो आहे, बसलेल्यांच्या उशाशी रात्री जागलो आहे. म्हणून अधिकाराने सांगतो, हे उपोषण नव्हे. उपोषण कसे असते ते या खानदेशाला शिकवावे लागत नाही. अमळनेरच्या शाळेत शिकविणारे आणि तेथल्या गिरणी कामगारांत वावरणारे साने गुरुजी मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषणाला बसले. त्यांची मागणी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक होती: विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले करा. ते लोकांच्या डोळ्यांदेखत बसले होते, त्यांच्यामागे महिनोन्महिन्यांचा प्रचार होता, आणि मागणी मान्य होताच दहा दिवसांनी उपोषण सुटले. मागणी, मांडव, साक्षीदार आणि शेवटी लिंबूसरबताचा पेला, ही उपोषणाची चार अंगे. आता त्या मुलीकडे पाहा. मागणी नाही. मांडव नाही. साक्षीदार तर नकोच आहेत, सारी धडपड कोणाला कळू नये म्हणून. आणि पेला कोणी पुढे केला तरी तो तिच्याने घेववत नाही. मागणीच नाही, तर तडजोड कशाशी करणार? "मोबाईल देतो, पण जेव" किंवा "जेवली नाहीस तर कॉलेज बंद" ही मालक-कामगारांची भाषा येथे लागू पडत नाही.

दुसरे म्हणतात, हे नाटक आहे, लक्ष वेधून घेण्यासाठी आहे. त्यांना मी पोतराजाची आठवण देतो. आपल्या बाजारात डफाच्या तालावर स्वतःच्या अंगावर आसूड ओढणारा पोतराज आपण लहानपणापासून पाहिला. त्याच्या अंगाला होणारी पीडा खरी, तिच्यामागचे दारिद्र्यही खरे. पण ती चौकात होते, वाजत होते, देवीच्या नावाने आणि पोटासाठी होते. लोकांनी पाहावे म्हणूनच होते. आपली मुले याच्या अगदी उलट करतात. दार लावतात, बाही ओढतात, खोटे बोलतात, उन्हात घामाने निथळतात पण बाही वर करीत नाहीत. नाटकाला प्रेक्षक लागतो. जो आपले दुखणे जिवाच्या कराराने लपवितो, त्याला नाटकी म्हणणे हा उलटा न्याय झाला. आणि समजा, एखाद्या मुलाने लक्ष वेधण्यासाठीच केले. तर ज्या पोराला बोलून लक्ष वेधता येत नाही आणि स्वतःला दुखवावे लागते, त्याच्याकडे लक्ष देऊ नये असे कोणते शास्त्र सांगते?

मग हे काय आहे? जाणत्यांनी मला समजावले ते माझ्या भाषेत सांगतो. मनात असे काही दाटून येते, की ते सोसवत नाही आणि सांगताही येत नाही. लाज, धास्ती, राग, कोणी केलेला अत्याचार, परीक्षेचे ओझे, किंवा ज्याला नावच नाही अशी पोकळी. अशा वेळी पोट रिकामे ठेवले की सारे काही आपल्या ताब्यात आहे असे काही काळ वाटते. अधाशासारखे खाल्ले की काही मिनिटे मन बधिर होते. अंगाला वेदना झाली की मनातली वेदना क्षणभर मागे सरते. तीनही गोष्टींत उसंत मिळते, पण ती सावकाराच्या कर्जासारखी. आज थोडी सुटका, उद्या दुप्पट लाज. आणि ती लाज फेडायला पुन्हा तेच कर्ज. दुसरे कारण शिक्षेचे. मुलाला स्वतःचाच तिटकारा आलेला असतो आणि शरीर हा आरोपी ठरतो. त्याला उपाशी ठेवणे आणि त्याला इजा करणे या एकाच निकालाच्या दोन शिक्षा होतात. म्हणून ताईंच्या घरी एक दाबले की दुसरे वर येत होते. आतले दुखणे तसेच राहिले आणि बाहेरची वाट तेवढी बदलली.

तिसरे कारण खुद्द भुकेचे, आणि त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञांनी छत्तीस धडधाकट तरुणांवर, त्यांच्या संमतीने, एक प्रयोग केला. हे तरुण शस्त्र हाती धरण्यास नकार दिलेले शांततावादी होते. शरीराने आणि मनाने निरोगी म्हणून पारखून घेतलेले होते. १९४५ साली चोवीस आठवडे त्यांना साधारण अर्ध्या आहारावर ठेवले. काय झाले? हसतीखेळती माणसे चिडखोर आणि उदास झाली. दिवसरात्र अन्नाचाच विचार. एका ताटापाशी तासतास रेंगाळावे, पाककृतींची पुस्तके जमवावीत, असे चाले. एकाने तर स्वतःच्या हाताला गंभीर इजा करून घेतली. ती अपघाताने झाली की मुद्दाम केली, हे त्याचे त्यालाच पुढे खात्रीने सांगता येईना. या साऱ्याचा ग्रंथ १९५० साली दोन खंडांत निघाला. त्यातून घ्यावयाचा धडा असा, की मन बिघडल्यामुळे भूक मरते हे जितके खरे, तितकेच उपाशी राहिल्यामुळे मन बिघडते हेही खरे. मूळचे निरोगी पुरुष सहा महिन्यांत असे झाले, तर कोवळ्या वयाच्या मुलीचे काय होईल? म्हणून अन्न पोटात जाणे हा या उपचाराचा पहिला भाग आहे. "आधी मन ठीक होऊ दे, मग जेवेल" असे म्हणून थांबता येत नाही.

हे दुखणे फक्त मुलींचे, फक्त श्रीमंतांचे, फक्त हडकुळ्यांचे, अशा तीन गैरसमजुती आहेत. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणारी आपली पोरे पाहा. छाती भरावी म्हणून डबेच्या डबे पावडर, वजन उतरावे म्हणून लंघन, आणि निवड झाली नाही की स्वतःवर राग. ती तोंडाने बोलत नाहीत, कारण रडणे हे पुरुषाचे काम नव्हे असे आपणच त्यांना शिकविले. बुलिमियाचा रुग्ण तर पुष्कळदा चारचौघांसारख्याच अंगाचा असतो, आणि लठ्ठ मुलालाही खाण्याचा आजार असू शकतो. तराजूवरून आजार ओळखता येत नाही.

श्रीमंतीची म्हणाल, तर इंग्लंडच्या राजघराण्यातील डायना यांनी २० नोव्हेंबर १९९५ रोजी दूरचित्रवाणीवर साऱ्या जगापुढे सांगितले, की आपल्याला बुलिमिया होता आणि आपण स्वतःला इजाही करून घेत होतो. दोन्ही गोष्टी एकाच बाईने, एकाच बैठकीत सांगितल्या. राजवाड्यात जे होते ते चाळीतही होते. फरक इतकाच, की चाळीत ते सांगायला कॅमेरा येत नाही.

हे येते कोठून? काही अंशी रक्तातून येते. आनुवंशिकतेचा वाटा आता शास्त्राने मान्य केला आहे. पूर्वी डॉक्टरसुद्धा आईला दोष देऊन मोकळे होत, ते मागे पडले आहे. तेव्हा येथे बसलेल्या मातांनी स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. पण हवेतूनही काही येते, आणि ती हवा आपण सारे मिळून करतो. आता लग्नसराई आहे. मांडवात जेवताना कान उघडे ठेवा. "पोरगी फारच भरली हो." "काटकी झाली, हिला कोण करणार?" "रंग जरा उतरला." दहा वर्षांच्या पोरीच्या अंगावर जेवणाऱ्या पंगतीने निकाल द्यावा, हा आपला रिवाज आहे. शाळेत टोपणनावे ठेवतात ती अंगावरून, आणि गुरुजीही हसतात.

त्यात आता यंत्राची भर पडली. फिजी बेटांच्या एका भागात १९९५ साली दूरचित्रवाणी आली. ॲन बेकर या संशोधक बाईंनी तेथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली. वजनाच्या धास्तीने खाल्लेले उलटून टाकणारी मुलगी तेव्हा एकही नव्हती. तीन वर्षांनी शंभरात अकरा झाल्या. हे पडद्यामुळेच झाले असे एका पाहणीने सिद्ध होत नाही, पण विचार करायला पुरेसे आहे. आणि इन्स्टाग्राम चालविणाऱ्या कंपनीचे आतले कागद २०२१ साली बाहेर आले, त्यांत तिच्याच माणसांनी लिहून ठेवले होते, की किशोरवयीन मुलींपैकी दर तिघींत एकीच्या मनातील शरीराविषयीची नाराजी आपण वाढवितो. मालक आतल्या वहीत एक लिहितो आणि फाटकावर दुसरेच सांगतो, हे आम्हा कामगारांना नवीन नाही. तुम्हांला असेल, म्हणून सांगितले.

आता काय करावयाचे, ते.

पहिली गोष्ट, एक दिसले की दुसऱ्याची चौकशी करा. पोर जेवत नाही असे डॉक्टरांना सांगताना अंगावरच्या खुणाही सांगा; खुणा दाखवायला नेले तर जेवणाचेही सांगा. आपण एकच सांगितले, तर औषधही अर्ध्याच दुखण्याला मिळते.

दुसरी, बोला कसे? आरडाओरडा नको, शपथा नकोत, "आमच्या तोंडाला काळे फासलेस" नको. शांतपणे, एकांतात, जेवणाची वेळ सोडून बसा. "तुला काहीतरी फार सोसावे लागते आहे असे दिसते. मी रागावणार नाही. सांगावेसे वाटेल तेव्हा मी येथेच आहे." एवढे पुरे. पहिल्या दिवशी उत्तर येणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. कामगाराचा विश्वास बसायलाही एका गेटसभेने भागत नाही. आणि जीव देण्याचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा समज चुकीचा आहे. विचारल्याने पोराला वाटते, निदान कोणाला तरी कळले.

तिसरी, लांबवर उपाशी राहिलेल्याला एकदम पोटभर वाढू नका. उपोषण सोडताना आम्ही डॉक्टर जवळ ठेवतो, तो दिखाव्यासाठी नव्हे. फार दिवसांच्या भुकेनंतर एकदम अन्न गेले तर रक्तातले क्षार ढळतात आणि हृदयावर बेतते. पोर चक्कर येऊन पडते, छाती धडधडते, पाणीही नको म्हणते किंवा मरणाची भाषा करते, तर त्या दिवशी सल्ले गोळा करीत बसू नका. सरळ रुग्णालय गाठा.

चौथी, पोलिसांची भीती. "दवाखान्यात नेले तर केस होईल" या एका भयाने कित्येक पोरे घरात कुजतात. कायदा मी वाचला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या ११५ व्या कलमाने, जिवावर उदार झालेला माणूससुद्धा तीव्र ताणाखाली होता असे धरावयाचे आणि त्याला शिक्षा करावयाची नाही असे ठरविले. उलट त्याची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य केले. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ कलम राहिलेच नाही. सरकारी नोकराला अडविण्यासाठी जीव देऊ पाहणाऱ्यावर एक कलम तेवढे ठेवले आहे. ते आमच्यासारख्या उपोषणवाल्यांसाठी आहे. तुमच्या मुलीसाठी नाही.

पाचवी, बरे होते का? होते. वेळ लागतो. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८० नंतरच्या दशकात अशी पद्धत बसविली गेली, की आईबापांना बाजूला न सारता उपचाराचे भागीदार करावयाचे आणि मुलाला जेवू घालण्याची जबाबदारी काही काळ त्यांच्याकडे द्यावयाची. दुसरे उदाहरण अमेरिकेच्या मार्शा लिनेहान यांचे. १९६१ साली, सतरा वर्षांच्या असताना, त्या स्वतःला इजा करून घेण्यामुळेच रुग्णालयात दाखल होत्या, दोन वर्षांवर. पुढे त्या मानसशास्त्रज्ञ झाल्या, भावना सोसण्याची आणि शांत करण्याची कौशल्ये शिकविणारी उपचारपद्धती त्यांनी बसविली, १९९३ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. आणि आपली स्वतःची हकीकत त्यांनी २०११ साली, साठी उलटल्यावर, जगाला सांगितली. ज्या मुलीकडे पाहून आपण "हिचे काय होणार" म्हणतो, तिचे असेही होऊ शकते.

आणि ताईंची मुलगी? धागा सोडून ते जळगावला डॉक्टरांकडे गेले. तेथे एका समुपदेशक बाईंनी मुलीला एकटीला बसवून दोन्ही गोष्टी विचारल्या. पहिले दोन महिने फरक दिसला नाही. बापाने मारणे सोडले, हा माझ्या मते पहिला गुण. आज ती महाविद्यालयात आहे, आईबरोबर एका ताटात जेवते. वाईट दिवस अजूनही येतात, पण आता ते येतात तेव्हा ती आईला सांगते. ताई म्हणतात, "भाऊ, बरी झाली असे नाही म्हणत, पण घरात खोटे राहिले नाही."

देहाला छळण्याला पुण्य समजणारे आपल्यात अजून आहेत, म्हणून एक आठवण देतो. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. ती गीता आपल्या खानदेशाने ऐकली आहे. शरीराला पीडा देऊन केलेल्या तपाला त्या गीतेने सात्त्विक म्हटलेले नाही. तेव्हा पोरीचे उपवास अकारण वाढू लागले, तर कौतुक करण्याआधी कारण विचारा.

मी संघटनेचा माणूस, मागण्या मांडल्याशिवाय खाली बसलो तर सवय मोडेल. मुलांना आपली मागणी मांडता येत नाही, म्हणून त्यांच्या वतीने तीन मांडतो. एक, तालुक्यातील प्रत्येक माध्यमिक शाळेला आणि महाविद्यालयाला ठरलेल्या दिवशी येणारा समुपदेशक हवा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत दिसले, की मनाच्या निरनिराळ्या आजारांत शंभरातल्या सत्तर ते ब्याण्णव रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. हा आकडा आपल्या गावात तरी आपण खाली आणू. दोन, सरकारने किशोरवयीनांसाठी काढलेली मैत्री क्लिनिके फलकापुरती न राहता तेथे माणूस बसलेला असावा, आणि ते पाहण्याचे काम पालकांनी करावे. तीन, ही मागणी तुमच्याकडे आहे: येत्या लग्नसराईत कोणत्याही मुलाच्या किंवा मुलीच्या अंगावर पंगतीत शब्द काढावयाचा नाही. हिला सरकारी मंजुरी लागत नाही, पैसाही लागत नाही.

शेवटी एक आकडा सांगतो, तो घरी जाऊन भिंतीवर लिहून ठेवा: १४४१६. टेलि-मानस नावाची ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. दिवसरात्र चालते, फुकट आहे, मराठीत बोलता येते. मुलांना स्वतःलाही तेथे बोलता येते, आणि दाराशी घुटमळणाऱ्या आईबापांनाही. अडचणीतल्या लहान मुलांसाठी १०९८ आहे. आणि ज्यांना आकड्याशी बोलवत नाही, त्यांच्यासाठी आमची कचेरी संध्याकाळी उघडी असते. तेथे डॉक्टर नाही, पण खुर्ची आहे, आणि डॉक्टरांपर्यंत बरोबर येणारा माणूस आहे.